खबर कुणी दिली?

‘सीआयडी’ ही मालिका २१ जानेवारी १९९८ रोजी सोनी वाहिनीवर सुरू झाली, २०१८च्या ऑक्टोबरात थांबली आणि २०२४च्या डिसेंबरात पुन्हा उभी राहिली. पहिल्या वीस वर्षांत तिचे दीड हजारांवर भाग झाले. ते सगळे मी सध्या पहिल्यापासून, एकही न गाळता पाहते आहे. कधी संपतील ठाऊक नाही, घाईही नाही. रात्री ओटा आवरला की एक भाग, एवढा नेम. घरचे हसतात. त्यांच्या लेखी ‘सीआयडी’ म्हणजे हवेत गोल फिरणारी बोटं, दयाच्या लाथेनं उडणारं दार आणि डॉक्टर साळुंखेंच्या प्रयोगशाळेतलं रंगीत पाणी. ते नंतरचं. सुरुवातीचे भाग चांगले संथ आहेत. अधिकारी दारोदार जातात, तेच ते प्रश्न तीन जणांना विचारतात, चुकीच्या माणसाच्या मागे लागतात आणि परत येतात. आशुतोष गोवारीकर तिथे इन्स्पेक्टर आहे; ‘लगान’ व्हायला अजून अवकाश आहे.

हा संथपणा मराठीतून आलेला. निर्माते बी. पी. सिंग मूळचे मुंबई दूरदर्शनचे कॅमेरामन. शिवाजी साटम, म्हणजे तिथले एसीपी प्रद्युम्न, बँकेतली नोकरी सांभाळून नाटकं करणारे. दोघांची जोडी जमली ती ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, ‘एक शून्य शून्य’ या मराठी मालिकेत. मुंबई पोलिसांनी उलगडलेल्या खऱ्या गुन्ह्यांवर ती बेतलेली असायची. ती पाहताना आमच्याकडे एक जण कौलांवर चढून अँटेना धरून उभा राहायचा आणि सोप्यातून आरडाओरडा व्हायचा, ‘आलं, आलं, गेलं!’ गुन्हेगार पकडला जायच्या बेताला नेमक्या मुंग्या यायच्या.

पण या मालिकांची मला लागलेली गोडी साटमांची नाही, हे भाग नव्यानं पाहू लागल्यावर ध्यानात आलं. ती मला लावली दोन म्हाताऱ्यांनी. एक साताऱ्यात, एक वाळवा तालुक्यात. एक आईचे वडील, दुसरी वडिलांची आई. दोघंही पोलिसांच्या मालिका जिवाचा कान करून पाहायचे आणि खून कुणी केला यात दोघांनाही काडीचा रस नव्हता.

तात्या, म्हणजे आईचे वडील, १९४१ साली सातारा जिल्हा पोलिसांत शिपाई म्हणून भरती झाले आणि हवालदार होऊन निवृत्त झाले. मालिका लागली की ते चष्मा पुसून पुढे सरकायचे, एखाद्या खटल्याची सुनावणी असल्यासारखे. पडद्यावरच्या अधिकाऱ्यानं घटनास्थळी पडलेला चाकू रुमालात गुंडाळून उचलला, की इकडे तात्या उसळायचे. ‘उचलला! अरे, पंच कुठायत?’ मग तो भाग तसाच पुढे जायचा आणि आम्हाला पंचनामा शिकवला जायचा. दोन पंच हवेत, तेही वाटेवरचे लटके नकोत, त्या आळीतले, चार लोकांत पत असलेले. आधी वेळ लिहायची, कधी सुरू केला. मग जागेचं वर्णन, पूर्वेला काय, पश्चिमेला काय. वस्तू जिथे आहे तिथेच आधी लिहायची, मग हात लावायचा. ती कागदात गुंडाळून दोरा बांधायचा, पंचांच्या सहीची चिठ्ठी अशी चिकटवायची की चिठ्ठी फाडल्याशिवाय दोरा सुटणार नाही, आणि वर लाखेचं सील. शेवटी पुन्हा वेळ, कधी संपला. हे सांगताना त्यांची बोटं पडद्याकडे नसायची, मांडीवरच्या न दिसणाऱ्या पुडक्याला दोरा बांधत असायची.

शेवटच्या पाच मिनिटांत एसीपी प्रद्युम्न कानाखाली आवाज काढायचे आणि गुन्हेगार रडत सगळं ओकायचा. आम्ही टाळ्या वाजवायचो. तात्या टीव्हीकडे पाठ करून पानाचा डबा उघडायचे. ‘सुटला,’ म्हणायचे. ‘पुरावा कायद्याचं पंचविसावं कलम. पोलिसापुढं दिलेला कबुलीजबाब कोर्टात शून्य. त्यावरनं एखादी वस्तू सापडली तर तेवढ्यापुरता चालतो, बाकी शून्य. ह्याला वकील बरा मिळाला तर पंधरा दिवसांत घरी.’ १८७२चा तो कायदा जाऊन आता भारतीय साक्ष्य अधिनियम आला आहे. पोलिसांवरचा हा अविश्वास मात्र नव्या कायद्यानंही जपून ठेवला आहे. मालिका जिथे संपायची तिथून तात्यांचं खरं काम सुरू व्हायचं. त्यामुळे दीड हजार भागांतला एकही गुन्हेगार त्यांच्या हिशेबी आत गेलेला नाही.

आणि त्यांचा दुसरा आक्षेप असे, ‘हद्द कुणाची?’ प्रेत सापडलं की पहिलं काम हद्द ठरवणं. पडद्यावरची माणसं गाडीत बसायची आणि कुठेही घुसायची. तात्यांच्या नोकरीच्या सुरुवातीला हद्द म्हणजे जीव की प्राण होती. तेव्हाचा सातारा जिल्हा पार कृष्णा-वारणेच्या संगमाकडे पोचलेला आणि मध्ये मध्ये संस्थानांचे तुकडे: औंध, फलटण, सांगली, मिरज, जत. एक ओढा ओलांडला की राज्य बदलायचं, पोलीस बदलायचे. ब्रिटिश हद्दीतल्या पोलिसाला संस्थानच्या गावात शिरायचं तर निदान कागदोपत्री परवानगी लागायची. कुंडल हे औंध संस्थानचं गाव, किर्लोस्करवाडी औंधच्याच जमिनीवर उभी राहिलेली. त्या औंधच्या राजांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, १९३९ साली राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवला आणि आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची भिंती नसलेली कैद्यांची वसाहत काढली. खुनाचे कैदी तिथे उघड्या रानात शेती करायचे. पुढे गदिमांनी लिहिलेला आणि शांतारामबापूंनी १९५७ साली केलेला ‘दो आँखें बारह हाथ’ त्यातूनच आला. गदिमा त्याच मुलखातले, माडगूळचे. एका बाजूला पायात पट्ट्या बांधलेले पोलीस, ओढ्यापलीकडे बिनभिंतींचा तुरुंग, अशा मुलखात हद्दीला केवढा अर्थ असेल! भूमिगतांना तो पुरता ठाऊक होता.

भूमिगत म्हटलं की आक्का आलीच.

आक्का, माझ्या वडिलांची आई, वाळवा तालुक्यात कृष्णाकाठच्या एका गावात सोळाव्या वर्षी लग्न होऊन आली, ती ऐन बेचाळीसच्या धामधुमीत. ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला आणि मामलेदाराला गांधी टोपी घालावी लागली. तिथे रक्त सांडलं नाही. पुढच्याच आठवड्यात वडूज आणि इस्लामपूरच्या मोर्चांवर गोळ्या चालल्या. वडूजला परशुराम घार्गे आणि त्यांचे सोबती पडले, इस्लामपुरात किर्लोस्करवाडीचे इंजिनिअर उमाशंकर पंड्या. इस्लामपूरहून परत आलेली माणसं आक्कानं पाहिली होती. ‘धोतरं लाल झाल्याली, पर कुणाचं रगत कुणाच्या अंगावर, त्येच त्यास्नी ठावं नव्हतं.’ मोर्चाचे दिवस संपले. माणसं उसात शिरली. नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर, ही नावं गावात दबक्या आवाजात यायला लागली आणि १९४३पासून सरकारच्या जागी दुसरं सरकार उभं राहिलं, प्रतिसरकार. त्याचं न्यायमंडळ गावात बसायचं, भाऊबंदकीचे तंटे मिटवायचं, सावकाराला दमात घ्यायचं, दरोडेखोराला आणि खबऱ्याला तळपायावर काठ्यांची शिक्षा द्यायचं. लोकांनी त्यालाच पत्री मारणं म्हटलं आणि सरकारचंही नाव पत्री सरकार करून टाकलं.

आक्काचा धाकटा दीर प्रतिसरकारच्या तुफान सेनेत. तो आणि त्याचे सोबती रानात असले की भाकरी पोचवायचं काम तिचं. भाकरी लपवणं अवघड नसतं, असं ती सांगायची. बुट्टीत तळाला भाकरी, वर शेणी, झालं. अवघड होतं ते पीठ. घरात खाणारी तोंडं पाच आणि दळण दहांचं, हे बाहेर कळायला डोळे लागत नाहीत, कान पुरतात. गावातल्या प्रत्येक बाईला शेजारणीचं जातं किती वेळ फिरतं हे झोपेतही कळायचं. म्हणून आक्का निम्मं दळण आपल्या घरी करायची, निम्मं चुलत सासूकडे. तिथे जाताना ज्वारी ओट्यात न्यायची आणि येताना पीठ कळशीत.

असं असूनही दीर सापडला. पहाटेच्या अंधारात पोलीस आले ते गावात शिरलेच नाहीत. मळ्यात कडब्याच्या गंज्या रचलेल्या. ‘तीन गंज्या हुत्या. दोनीकडं बघितलंबी न्हाई. तडक तिसरीकडं.’ हे वाक्य ती असं म्हणायची की माझ्या अंगावर काटा यायचा. तडक तिसरीकडं. पुढे दिराला शिक्षा झाली, तो सुटून आला, उसाच्या पैशातून त्यानं विहीर काढली, म्हातारा होऊन गेला. पण आक्काच्या गोष्टीत तो भाग दोन ओळींत संपायचा. ती घुटमळायची ती तिसऱ्या गंजीपाशी.

म्हणून ‘सीआयडी’तले अधिकारी एखाद्या गोदामावर नेमकी धाड घालायचे तेव्हा आक्का विचारायची, ‘कुणी सांगितलं गं त्यास्नी?’ मी म्हणायची, ‘त्यांचा खबरी असतो.’ ‘ते कळलं. पर कोन?’ मी म्हणायची, ‘ते दाखवत नाहीत.’ त्यावर ती तोंड फिरवायची. ‘मग ह्येला काय अर्थ हाय? मारणारा काय, आज न्हाई उद्या घावतूयच.’

आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी पोलिसांच्या गोष्टी भरपूर आणि सगळ्या सरस. ७ जून १९४३ची शेणोलीची गाडी तर शंभर तोंडांनी ऐकली. रेल्वे कामगारांचे पगार घेऊन मिरजेकडे निघालेली खास गाडी, रुळांवर रचलेले दगड, जी. डी. बापू आणि कॅप्टन भाऊ लाड यांची टोळी. मग २४ जुलैचा सांगलीचा तुरुंग. गणेशदुर्गाच्या आत असलेल्या त्या तुरुंगातून वसंतदादा आणि सोबती पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावून भर दिवसा तटावरून खंदकात उतरले आणि नदीकडे पळाले. अण्णा पत्रावळे आणि बाबुराव जाधव त्या पाठलागात गेले, दादांना गोळी लागली. पुढच्या वर्षी एप्रिलात खानदेशात चिमठाण्याला साडेपाच लाखांचा सरकारी खजिना. आणि भवानीनगरच्या पोलीस ठाण्याची गोष्ट, जी बायका एकमेकींना सांगायच्या. नाना पाटलांच्या लेकीनं, हौसाबाईंनी, ठाण्यासमोर मारझोड सोसणाऱ्या बाईचं सोंग वठवलं. सोबतीही असा बेभान की दगड उगारून धावला. सोडवायला पोलीस बाहेर आले आणि तेवढ्यात बाकीच्यांनी आतल्या बंदुका पळवल्या. कोणत्याही मालिकेला दोन वर्षं पुरेल असा ऐवज.

हे सगळं सांगणाऱ्यांना दर वेळी वाफ यायची. आक्का ऐकायची आणि मध्येच म्हणायची, ‘पगाराची गाडी त्योच दिस, त्याच येळंला येनार, ह्ये कुणी सांगितलं?’ तिचं हे विचारणं तेव्हा मला आडमुठं वाटायचं. आता भाग एकामागून एक पाहताना त्यातलं शहाणपण दिसतं. शेणोलीलाही कुणीतरी आधी सांगितलंच असणार. तुरुंगात पहारा कधी सैल असतो, ठाण्यात दोनच शिपाई कधी असतात, हे बाहेर आल्याशिवाय यातलं काहीच घडत नाही. ठाण्यातून रानात गेलेली बातमी ती देशसेवा, रानातून ठाण्यात गेली ती फितुरी. नेणारा माणूस मात्र दोन्हीकडे एकाच जातकुळीचा, ज्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं असा. टपालवाला, पाणक्या, शिंपी, म्हशीमागचं पोर. पहिल्या प्रकारच्या माणसाचं नाव पुढाऱ्यांनी त्याच्या जिवासाठी झाकलं, दुसऱ्याचं पोलिसांनी झाकलं. त्यामुळे आमच्या थोरामोठ्यांच्या गोष्टींत पळणारे आणि पाठलाग करणारे तेवढे उजेडात आहेत.

दीर पकडला गेल्यावर गावात शोध झाला. संशय गेला गावच्या शिंप्यावर. त्याचं तालुक्याला जाणं-येणं होतं, ठाण्याच्या शिपायांचे कपडे तो शिवायचा. रात्री त्याला बोलावलं, न्याय झाला, पत्री मारली गेली. तो वाचला, पण पुढे आयुष्यभर टाचा टेकवून चालला नाही. यंत्राचं पायडल चवड्यानं मारायचा. आणि पुढे सगळी वर्षं आमच्या घरचे कपडे त्याच्याकडेच शिवले गेले. माझा पहिला परकर-पोलका त्यानंच शिवला. माप घेताना तो काही बोलायचा नाही, आक्काही नाही. मी कॉलेजात असताना एकदा आक्काला विचारलं, ‘त्यानं खरंच सांगितलं होतं?’ ती बराच वेळ गहू निवडत राहिली. मग म्हणाली, ‘त्यानं न्हाई सांगितलं, असं काय म्हनता येत न्हाई.’ आणि सुपातले खडे बाजूला टाकत, ‘माझं जातंबी असंल.’

म्हणजे निम्मं दळण दुसऱ्या घरी करूनही कुणाच्या तरी कानाला हिशेब लागला असेल, आणि त्या कानानं तो भलत्या तोंडाला सांगितला असेल. मळ्यात भाकरी जातात एवढं कळलं की तिसरी गंजी शोधायला फार अक्कल लागत नाही. ही शंका तिनं पन्नास वर्षं कुणाजवळ काढली नव्हती. काढून उपयोगही नव्हता. शिंप्याच्या टाचा परत येणार नव्हत्या.

स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, १९७२ साली, केंद्र सरकारनं स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन सुरू केलं. तुरुंगात गेलेल्याला तुरुंगाचा दाखला मिळाला. भूमिगताची पंचाईत झाली. तू भूमिगत होतास याला पुरावा काय? फरारी घोषित केल्याचा हुकूम, पकडून देण्यासाठी लावलेलं बक्षीस, स्थानबद्धतेचा आदेश. म्हणजे ज्या पोलीस दप्तरात नाव येऊ नये म्हणून माणूस उसात झोपला, त्याच दप्तरात नाव निघालं तर तो देशभक्त. जो सगळ्यात हुशारीनं लपला त्याच्यापाशी सगळ्यात कमी कागद. दिराला पेन्शन मिळाली, कारण तो सापडला होता. आक्कापाशी काहीच नव्हतं. ज्वारी ओट्यात नेल्याचा दाखला कोणत्या कचेरीत मिळणार? तिनं अर्जही केला नाही. ‘मी काय केलं? भाकऱ्या तर रोजच थापतूय,’ म्हणायची.

तात्यांना कागदाची ही उलटापालट जवळून पाहायला मिळाली. यशवंतराव चव्हाण १९४३ साली आजारी पत्नीला भेटायला फलटणला गेले आणि तिथे पकडले गेले. १९४६ साली तेच मुंबई सरकारात गृहखात्याचे संसदीय सचिव झाले. तीन वर्षांत फरारी माणूस पोलीसखात्याच्या माडीवर. स्वातंत्र्यानंतर टोपीवरचा बिल्ला बदलला, टोपीखालचे तात्या तेच. १९४९च्या १ ऑगस्टला जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, दक्षिण सातारा निराळा, आणि १९६०च्या नोव्हेंबरात त्याचं सांगली असं नाव झालं. तात्यांच्या सोबतचे काही शिपाई रातोरात दुसऱ्या जिल्ह्याचे झाले, ज्येष्ठतेच्या यादीवरून भांडणं लागली. निवृत्तीच्या सुमारास वसंतदादा मुख्यमंत्री होते. त्यांच्या दौऱ्याच्या बंदोबस्ताला तात्या उभे राहिले. ‘सांगली संस्थानच्या पोलिसानं ज्याच्यावर बंदूक चालवली, त्याच्यासाठी मी उन्हात चार तास उभा,’ असं ते सांगायचे. त्यात कडवटपणा नसायचा, गंमत असायची.

माझ्या आईचं स्थळ आलं तेव्हा आक्कानं हुंड्याचं, मानपानाचं काही काढलं नाही. एकच विचारलं, ‘मुलीचे वडील बेचाळीसला कुठं नेमणुकीला होते?’ उत्तर आलं, साताऱ्यात, खजिन्यावर गार्ड. आक्कानं मान हलवली आणि लग्न ठरलं.

त्या उत्तराची उजळणी झाली ती बऱ्याच वर्षांनी. तात्या एका दिवाळीला आमच्या गावी आले होते. शुक्रवारची रात्र, ‘सीआयडी’ लागलेलं. खाटेवर तात्या, खाली भिंतीला टेकून आक्का, मध्ये आम्ही नातवंडं. पडद्यावर सगळं पथक दबक्या पावलांनी एका बंगल्याला वेढा घालत होतं. तात्या हसले आणि बोलून गेले, ‘आम्ही असं कधी गेलो नाही. बूट वाजवत जायचो. कृष्णाकाठी एकदा पाठवलं होतं पहाटेचं, तेव्हाही बूट वाजवतच.’

सोप्यात एकदम शांतता झाली. खजिन्यावरचा गार्ड कृष्णाकाठी कधी गेला होता? आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. आक्कानं पदर सावरला. ‘बूट कशापायी वाजवायचं?’

‘ऐकू जावं म्हणून.’

‘सगळं पोलीस आता ह्येच सांगत्यात,’ आक्का म्हणाली. मग जरा थांबून, ‘कंच्या गावाला गेलाता?’

तात्यांनी वारणेकडच्या एका गावाचं नाव घेतलं. आमचं नव्हे. खरं असेल, नसेल. आक्कानं ते नाव तोंडातल्या तोंडात एकदा म्हटलं आणि विचारलं, ‘तिथलं तुमास्नी कुणी सांगितलं?’

तात्या पडद्याकडे पाहत राहिले. त्यांचा आवाज पंचनाम्याचा झाला. ‘विहीणबाई, पुरावा कायद्याचं एकशेपंचविसावं कलम आहे. खबर कुणी दिली हे सांगायची सक्ती पोलिसावर मॅजिस्ट्रेटसुद्धा करू शकत नाही.’

‘मी कुठं मॅजिस्ट्रेट हाय?’

‘म्हणूनच सांगत नाही.’

मला वाटलं आता मोठं भांडण होणार. आक्का मात्र हसली, अगदी मोकळी. म्हणाली, ‘चकल्या घ्या.’ पुढे दोघं असेपर्यंत तो विषय निघाला नाही. तात्यांनी ते नाव बरोबर नेलं. आईनं एकदा त्यांच्या आजारपणात विचारून पाहिलं होतं. त्यांनी डोळे मिटून मान हलवली, एवढंच.

मी त्या उत्तराला पुष्कळ वर्षं कायद्याचा आडोसा समजत होते. एका माणसानं मोठ्या शिताफीनं काढलेला पळ. आता एकेक भाग पाहताना मत बदललं आहे. मालिकेतला खबरी साधारण भागाच्या मध्यावर येतो. टपरीमागे किंवा गाडीच्या खिडकीशी एक वाक्य बोलतो, नोट खिशात घालतो आणि निघून जातो. कथा त्याच्या एका वाक्यावर पुढे सरकते, पण तो उद्या कुठे राहणार, त्याच्या शेजारी कोण आहे, हे मालिकेला विचारायचं नसतं. पथक गाडीत बसून मुंबईला परततं. पुढच्या भागात दुसरं प्रेत, दुसरी वस्ती. जिथून बातमी आली त्या गल्लीत परत कुणी जात नाही, म्हणून दर भागाला निकाल लागू शकतो.

वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावाला गाडीत बसून कुठे जायचं नव्हतं. ज्याला मारलं तो आणि ज्यांनी मारलं ते एकाच पाणवठ्यावर येत होते, एकाच सोसायटीचे सभासद होते, त्यांचा ऊस एकाच कारखान्याला जात होता. तिथे तिसऱ्या गंजीचं नाव उद्या सिद्ध झालं असतं, तर आणखी एका घराची तीन पिढ्यांची वाट लागली असती. आणि ते नाव शिंप्याचं निघालं नसतं, तर आमच्या घराला त्याच्या टाचांचा जाब द्यावा लागला असता. आक्का विचारत राहिली आणि उत्तराचा आग्रह तिनं धरला नाही. तात्यांना ठाऊक होतं आणि ते बोलले नाहीत. दोघांचं वागणं उलट दिशेचं वाटलं तरी त्यातून जे साधलं ते एकच. प्रतिसरकारचा इतिहास लिहिणाऱ्यांना ही जागा रिकामी वाटेल, आणि ती आहेच. तिथे बसवायला माझ्यापाशी नाव नाही. मिळालं तर छापीन का, याचं माझं उत्तर तात्यांचंच आहे.

भाग पाहताना आता मी दोघांचे प्रश्न एकदमच विचारते: पंच कुठायत, आणि खबर कुणी दिली? पहिल्याचं उत्तर दिल्याशिवाय कायदा पुढे सरकू देत नाही. दुसऱ्याचं त्याच कायद्यानं दीडशे वर्षांपूर्वी राखून ठेवलं, नव्या कायद्यातही ठेवलं आहे. तो कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे सरकारचे खबरी असतील, त्यांना आमच्या शिंप्याशी देणंघेणं नव्हतं. पण त्या कलमाच्या आडोशानं आमचं गाव पुढची पन्नास वर्षं एका शिंप्याकडून कपडे शिवून घेऊ शकलं, आणि पोलिसाची लेक भूमिगताच्या घरात नांदू शकली.